काट्यावरचं लॉगिन

पाठवणीच्या वेळी आईनं रडत रडत मला एवढंच सांगितलं, "तोंड जरा आवर." मी नगरला आले ती पुण्यात शिकलेली जावा नावाची संगणकाची भाषा डोक्यात आणि राग नाकावर घेऊन. या दोन्हींचं नगरात काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सावेडीत एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन एका गृहस्थांनी सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं होतं. मी जिना चढून गेले आणि म्हटलं, मला सर्व्हलेट लिहिता येतात. ते म्हणाले, "म्हणजे काय ते मला नीट माहीत नाही, पण उद्यापासून या." अशी माझी नोकरी लागली.

घरी मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोर्टातून निवृत्त झालेले. उभा जन्म वकिलांचे अर्ज आणि तारखा सांभाळण्यात गेलेला, त्यामुळे घरातही ते कोर्टाच्याच भाषेत बोलायचे. सासूबाईंनी चहा उशिरा दिला की "प्रकरण पुकारलं नाही का अजून?" असं विचारायचे. माझ्या नोकरीबद्दल त्यांचं म्हणणं असं होतं की हे संगणकाचं काम आज आहे, उद्या नाही. त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेच्या शाळेत गणिताच्या बाईंची जागा जूनपासून रिकामी होणार होती. मामंजींनी तिथं शब्द टाकून ठेवला होता, मला न विचारता.

मी भडकलेच. "मला नाही पोरांना लसावि-मसावि शिकवायचा!"

नवरा एमआयडीसीत इंजिनिअर. बाप आणि बायको समोरासमोर आले की त्याला हटकून कंपनीचं काम आठवायचं. तो सटकला. शेवटी मी आणि मामंजींनीच तोड काढली. आमच्या ऑफिसला नुकतंच एका साखर कारखान्याचं काम मिळालं होतं, आणि ते सगळं माझ्यावर सोपवलं होतं. कारखान्यानं काम पसंत करून पुढच्या हंगामाचीही ऑर्डर दिली, तर मी संगणकावरच राहायचं आणि शाळेचं नाव कुणी काढायचं नाही. नाहीच पटलं कारखान्याला, तर जूनमध्ये गुपचूप शाळेत रुजू व्हायचं.

"ठरलं?" मामंजी म्हणाले.

"ठरलं," मी म्हटलं. सासूबाई तिथंच बसून लसूण सोलत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

कारखाना काष्टीच्या बाजूला होता. सकाळी माळीवाड्याहून एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं, आणि तिथून कारखान्याची जीप मिळाली तर जीप, नाहीतर उसाच्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्याला हात करायचा. थंडीचे दिवस. मळीचा तो उग्र गोडसर वास पहिल्या आठवड्यात डोकं उठवायचा. नंतर मला तो इतका आवडायला लागला की रविवारी घरी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. कँटीनमध्ये गरम भजी मिळायची. रस्त्याकडेला बाया पेरूचे ढीग लावून बसायच्या, आणि माझ्या पर्समध्ये कायम एक चावलेला पेरू असायचा. काय सुखाचे दिवस होते!

माझं काम काट्यावरचं. जमिनीत बसवलेला भला मोठा लोखंडी वजनकाटा. त्यावर उसाची बैलगाडी नाहीतर ट्रक चढतो आणि शेजारच्या खोलीत आकडा उमटतो. ऊस उतरवून गाडी रिकामी परत येते, पुन्हा वजन होतं, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे त्या शेतकऱ्याचा ऊस. आजवर हे सगळं हातानं लिहायचे. आता काट्याच्या खोलीत एक संगणक आला होता, शेतकी ऑफिसात एक, आणि एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये एक, ज्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर मी कधी निघालेलं पाहिलं नाही.

आता थोडं कामाचं सांगते, घाबरू नका. ब्राउझरमधून सर्व्हरकडे जी मागणी जाते ती सर्व्हरला दर वेळी नवीनच वाटते. त्याला मागचं काही आठवत नाही. म्हणून तुम्ही नाव आणि पासवर्ड दिलात की तो तुम्हाला एक टोकन देतो, आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ, दुसऱ्या कुणाला अंदाजानं सापडणार नाही अशी. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ते टोकन आपणहून दाखवतो आणि सर्व्हर म्हणतो, हां, हा मघाचाच. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो तसं हे. बिल्ला ज्याच्या हातात त्याला चपला मिळतात. त्या खरंच त्याच्याच होत्या का, हे कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. तुम्ही कोण हे कळलं म्हणजे तुम्हाला सगळंच करता येतं असं नाही. क्लार्कनं वजन नोंदवायचं आणि पावती छापायची. चुकलेली नोंद रद्द करायचा अधिकार फक्त काट्याच्या सुपरवायझरचा. त्यांनी लॉगिन केलं की पानावर 'रद्द' असं एक जादा बटण दिसायचं. क्लार्कला ते दिसायचंच नाही. आणि बराच वेळ कुणी काही केलं नाही की टोकन आपोआप मरायचं. मी स्वतःवर भलतीच खूष होते.

पण काट्यावर एक रीत होती, ती मला कुणी सांगितली नव्हती. सांगायची तरी कशाला, ती सगळ्यांना माहीतच होती. काट्यावरची खुर्ची रिकामी ठेवायची नाही. पूर्वी कधीतरी पाळी बदलताना एक क्लार्क उठून गेला, दुसरा यायचा होता, आणि तेवढ्यात दोन गाड्या काट्यावरून पुढेमागे झाल्या. कुठलं वजन कुणाचं, यावरून दोन गाडीवानांची अशी जुंपली की पार गावापर्यंत भांडण गेलं. तेव्हापासून नियमच झाला. नवा माणूस येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवणार, मगच जुना उठणार, आणि खुर्ची थंड व्हायच्या आत नवा बसणार. काट्यावर चढलेले बैल काही थांबत नाहीत. ते मान झटकतात, पाय बदलतात, आणि आकडा हलत राहतो.

साहजिकच लॉगआउट कुणी करेचना. लॉगआउट केलं की पान जायचं, लॉगिनचं पान यायला आमचा तो सर्व्हर आढेवेढे घ्यायचा, आणि बाहेर गाडीवान बोंबलायचे. सोमवारी सकाळी जो लॉगिन करायचा त्याच्याच टोकनवर तिन्ही पाळ्या आठवडाभर चालायच्या. काटा तर कधी थांबत नाही, मग टोकन मरणार कधी?

मी भिंतीवर पाटी लावली: 'उठताना लॉगआउट करा.' सुपरवायझरांनी ती मोठ्यानं वाचली. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि इतक्या वर्षांत एक वजन चुकलं नाही याचा रास्त अभिमान.

"बाई, उठायचंच न्हाई, मग लॉगआउट कवा करायचं?"

"अहो, खुर्ची नाही, लॉगिन म्हणतेय मी!"

"त्येच की," ते म्हणाले, आणि पाटीखाली खिळा ठोकून स्वतःची पिशवी अडकवली. मी कपाळावर हात मारला.

मग तो दिवस उगवला. सकाळी एका ट्रकचा नंबर चुकीचा पडला होता. सुपरवायझर आले, स्वतःच्या नावानं लॉगिन केलं, चुकीची नोंद रद्द केली. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. त्यांच्या भाचीचं लग्न होतं शेवगावला, गोरज मुहूर्तावर, आणि निम्मा शेतकी विभाग वऱ्हाडात निघाला होता. पहिल्या पाळीच्या क्लार्कनं रीतसर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, सुपरवायझर उठले, क्लार्क बसला. माणूस गेला शेवगावला आणि त्याचं टोकन राहिलं काट्यावर.

दुपारी दुसऱ्या पाळीचा क्लार्क बसला. गडी मनानं निर्मळ, कामाला वाघ, पण उत्साह जरा जास्तच. त्याला पानावर नवीन बटण दिसलं. ब्राउझरमध्ये देवनागरी उमटवणं तेव्हा मोठं कटकटीचं होतं, म्हणून बटणावर मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. त्याला वाटलं, रद्द म्हणजे पान रद्द; बाईंनी आपल्या सोयीसाठी पान पुसायचं बटण दिलं! मग काय, वजन नोंदवायचं, पावती छापून शेतकऱ्याच्या हातात द्यायची, आणि पुढच्या गाडीसाठी 'रद्द' दाबून पान कोरं करायचं. संगणक दर वेळी विचारायचा, 'नक्की?' हा दर वेळी 'हो' म्हणायचा.

"नक्की न्हाई तर काय? म्याच तर वजन केल्तं!" असं त्यानं मला नंतर सांगितलं, आणि मला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी शेतकी ऑफिसात पाहतात तो दुसऱ्या पाळीचा ऊस शून्य. यार्डात गाड्यांची रांग, गव्हाणीत ऊस पडतोय, शेतकऱ्यांच्या हातात पावत्या, आणि संगणक म्हणतोय आज दुपारनंतर कुणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर फाट्यावर जीप माझी वाटच पाहत होती. ड्रायव्हर एरवी बडबड्या, त्या दिवशी त्यानं नुसती जीप हाणली.

नोंदी गेल्या नव्हत्या. 'रद्द' म्हणजे पुसणं नव्हे, नुसती खूण पडते. आपण तेवढं शहाणपण ठेवलं होतं. चहा यायच्या आत मी सगळ्या परत आणल्या. पण खरं दुखणं वेगळंच होतं. प्रत्येक रद्द नोंदीसमोर सुपरवायझरांचं नाव आणि वेळ आली होती. ज्या वेळी संगणकाच्या मते ते काट्यावर बसून सपासप वजनं रद्द करत होते, त्या वेळी ते शेवगावला मंडपात, अंतरपाटाशी, भाचीच्या पाठीमागे मामा म्हणून उभे होते. अक्षता टाकायला निम्मा कारखाना होता!

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" सुपरवायझर एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये कडाडले. कपाळावर लग्नाचं कुंकू अजून तसंच. "साहेब, मंगलाष्टका चालू हुत्या. म्या भाचीच्या मागं उभा हुतो. आन हे यंत्र म्हनतंय, म्या हितं ऊस खाल्ला! इतकी वर्सं झाली, कुनी बोट दावलं न्हाई मला. ह्या डब्यानं दावलं."

मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो. "संगणक खोटं बोलत नाही! त्यानं टोकन पाहिलं. टोकन तुमचं होतं. खुर्चीत कोण बसलंय ते त्याला कसं दिसणार? पाटी लावली होती मी!"

"खुर्ची रिकामी ठेवायची न्हाई," पलीकडून दोन्ही क्लार्क एका सुरात म्हणाले.

एम.डी. साहेब शांत माणूस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुमचं बरोबर असेल. पण ज्या यंत्रामुळे माझा सरळ माणूस खोटा पडतो, ते मला नको. आणि काट्याची रीत मी बदलणार नाही, ती माझ्याही आधीची आहे. सोमवारी दुपारी पाळी बदलताना मी स्वतः काट्यावर येतो. खुर्ची रिकामी न होता नाव बदललं पाहिजे. जमलं तर तुमचं काम पसंत. नाही जमलं तर आम्ही आपले हातानं लिहू."

एसटीत बसले आणि डोळ्यांसमोर शाळेचा फळा आला. फळ्यावर लसावि. मी खिडकीवर डोकं टेकून सबंध रस्ता स्वतःशी बडबडत होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ऑफिसला कसलीशी सुट्टी होती. सकाळी सासूबाईंनी मेथीच्या दोन जुड्या मामंजींसमोर टाकल्या, आणि मीही निवडायला बसले. बसल्या बसल्या सगळं भडाभडा सांगितलं. मामंजींना खरं तर आनंद व्हायला हवा होता, शाळा त्यांच्याच पारड्यात होती. पण ते निवडायचे थांबले.

"म्हणजे वकालतनाम्यासारखं आहे हे तुझं टोकन," ते म्हणाले.

"कसं?"

"असं बघ. वकील कितीही मोठा असो. कोर्ट त्याला ओळखत असतं, रोज पाहत असतं. पण या दाव्यात त्याचा वकालतनामा नसेल तर त्याला बोलता येत नाही. तू कोण आहेस हे एक, आणि तुला इथं काय करायचा अधिकार आहे हे दुसरं. बरोबर?"

"अगदी बरोबर!" मला वाटलं त्यांना मिठी मारावी, पण सासरे पडले.

"आता दावा चालू असताना पक्षकारानं वकील बदलला तर? जुन्यानं नाहरकत द्यायची, त्याचा वकालतनामा संपला. नव्यानं आपला दाखल करायचा. पण म्हणून दावा नव्यानं सुरू होतो का? नाही. कागद तेच, तारीख तीच, झालेला पुरावा तसाच. नुसता उभा राहणारा माणूस बदलतो."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी इतके दिवस लॉगआउट करा म्हणून ओरडत होते, म्हणजे वकील बदलायचा तर आधी दावाच काढून घ्या म्हणत होते. पान जायला नको होतं. काट्यावरची अर्धी नोंद तशीच राहून टोकन तेवढं बदलायला हवं होतं.

"आणि तुमचे ते सुपरवायझर," मामंजी आता रंगात आले होते, "ते म्हणजे एका तारखेपुरता हजर झालेला वकील. तारीख संपली की त्याचा अधिकार संपला. एक नोंद रद्द केली, झालं, निघा."

"तुम्ही दोघं एका जागी बसलात की निम्मी भाजी कचऱ्यात जाते," सासूबाई म्हणाल्या. खरंच, मी देठं परातीत टाकत होते आणि पानं केरात.

पुढचे दिवस मी भुतासारखी कामाला लागले. 'पाळी बदल' असं बटण केलं. ते दाबलं की त्याच पानावर कोपऱ्यात छोटी चौकट उघडायची; नव्या माणसानं नाव आणि पासवर्ड द्यायचा. सर्व्हर काट्यावरची अर्धी नोंद आधी बाजूला काढून ठेवणार, जुनं टोकन मारणार, नवीन टोकन नव्या माणसाच्या नावानं देणार, आणि नोंद परत त्याच्यापुढे ठेवणार. सुपरवायझरांसाठी वेगळी सोय: क्लार्कच्याच पानावर त्यांनी पासवर्ड द्यायचा, एक नोंद रद्द करायची, की त्यांचा अधिकार तिथंच संपला आणि पान पुन्हा क्लार्कचं. शिवाय बटण लपवलं म्हणजे अधिकार काढला असं होत नाही, हे मला आता चांगलंच कळलं होतं. म्हणून सगळ्या सर्व्हलेटांना, म्हणजे सर्व्हरवरच्या माझ्या छोट्या प्रोग्रामांना, मी एकच समाईक पेरेंट क्लास दिली, जणू सगळ्यांची आईच, आणि तिला सांगितलं की दारात येईल त्या प्रत्येक मागणीला विचार: टोकन जिवंत आहे का, कुणाचं आहे, आणि हे करायचा त्याला अधिकार आहे का? तिन्हींची उत्तरं पटल्याशिवाय आत सोडायचं नाही. नवरा म्हणाला, "ही पेरेंट क्लास तुझ्यावरच गेलीय." त्या दिवशी त्याला कोरडी पोळी मिळाली.

सोमवारी सकाळी मी पर्स घेऊन निघाले तर दारात मामंजी. कोट, टोपी, हातात छत्री.

"कुठं निघालात?"

"सुनावणी आहे ना आज? मग हजर राहायला नको?"

नेलं त्यांना. एसटीत त्यांनी शेंगदाणे घेतले, मला दिले. मी ते फाट्यापर्यंत मुठीतच धरून बसले.

दुपारी काट्याच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. एम.डी. साहेब, शेतकी ऑफिसातले चारदोन जण, दाराशी सुपरवायझर हाताची घडी घालून. बाहेर गाड्यांची रांग. खुर्चीत पहिल्या पाळीचा क्लार्क, काट्यावर उसानं लादलेली गाडी, पानावर अर्धी नोंद. दुसऱ्या पाळीचा आमचा उत्साही गडी आला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

पहिला क्लार्क बसल्या जागेवरून 'पाळी बदल' दाबतो. चौकट उघडते. तो उठतो, हा बसतो. आता हा एका बोटानं नाव टाइप करतोय, एकेक अक्षर शोधत. बाहेर गाडीवान ओरडतोय, "आरं, झोपला का रं?" बैल पाय बदलतायत. पासवर्ड टाकला. चूक! खोलीत कुणीतरी च्च् केलं. मी डोळे मिटून घेतले. पुन्हा टाकला.

"आली की!" क्लार्क ओरडला. "नोंद जागच्या जागी हाय! आन नाव माजं आलंय बगा!"

मी डोळे उघडले. वर कोपऱ्यात त्याचं नाव, खाली तीच गाडी, तेच वजन. त्यानं नोंद पुरी केली, पावती फाडली आणि खिडकीतून दिली. मग बोट पानावर फिरवत म्हणाला, "आन बाई, रद्दचं बटन कुटं गेलं?"

"ते तुझं नव्हतंच कधी," मी म्हटलं, आणि सगळे हसले.

सुपरवायझर हसले नाहीत. ते पुढे आले, वाकून क्लार्कच्या त्याच पानावर स्वतःचा पासवर्ड दिला आणि मी मुद्दाम चुकीची घालून ठेवलेली एक नोंद रद्द केली. त्यांचं नाव आलं, आणि काम होताच गेलं. ते थोडा वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. मग टोपी सारखी करून म्हणाले, "हां. आता मला शेवगावला जायला हरकत न्हाई." आणि भाचीच्या लग्नातले लाडू आणलेत म्हणून पिशवीतून डबा काढला. पहिला लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

एम.डी. साहेबांनी तिथंच सांगितलं, काम पसंत, पुढच्या हंगामाची ऑर्डर या आठवड्यात पाठवतो. आणि मग, जशी पद्धत आहे तसं, माझ्याकडे न बघता मामंजींना म्हणाले, "काय काका, पाठवणार ना सूनबाईंना पुढच्या वर्षीही?"

मामंजींच्या तोंडात लाडू होता. तो गिळून ते म्हणाले, "पाठवायला ती काय पार्सल आहे? ती तिथं उभी आहे, तिला विचारा."

साहेब जरा ओशाळले. मी म्हटलं, "येणार. सर्व्हर बदला मात्र, फार संथ आहे." मला तेवढंच सुचलं.

परतीच्या एसटीत आम्हाला खिडकी मिळाली. बाहेर उसाचे फड मागे पळत होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मामंजींनी खिशातले उरलेले शेंगदाणे संपवले. मग म्हणाले, "ती शाळेतली जागा गेली बरं का."

"कधी?"

"गेल्या गुरुवारी. मी स्वतः जाऊन सांगून आलो, आमची सून येणार नाही, दुसऱ्या बाई बघा."

"गुरुवारी?" माझा आवाज इतका चढला की कंडक्टरनं वळून पाहिलं. "अहो मामंजी, निकाल तर आज होता! आज फिसकटलं असतं तर?"

"फिसकटलं असतं तर तू दुसरा कारखाना शोधला असतास."

"मग मला सांगायचं नाही? चार घास धड गिळले नाहीत मी!"

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस? 'ठरलं ते ठरलं, मला मेहेरबानी नको.'"

खरंच की! मी अगदी हेच, याच शब्दांत म्हणाले असते.

"पण तुम्हाला एकदम असं वाटलं तरी कसं?" मी विचारलं.

"मला कुठलं वाटतंय! मी तर ठरल्याप्रमाणे सोमवारपर्यंत थांबणार होतो." मामंजींनी छत्री दोन्ही हातांत धरली आणि समोर बघत म्हणाले, "तुझ्या सासूनं धाडलं मला. म्हणाली, ती पोर कारखान्यातून घरी येते ती हसत येते. तिला शाळेत कशाला कोंडताय? आत्ताच्या आत्ता जाऊन नको म्हणून सांगा, आणि तिला कळू देऊ नका."